घरी सोबत कोण?

उजवा गुडघा अठ्ठ्याऐंशी अंशांवर अडला. फिजिओथेरपिस्ट सुलेखाने कोनमापक काढून पुन्हा लावला. आकडा तोच. मार्चमध्ये हाच गुडघा शहाण्णव अंश वाकत होता.

"किती?" कॉलिनने छताकडे बघत विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"माझे गोलही असेच अडले. एकशे एकोणचाळीसवर."

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनमध्ये सोळा वर्षं स्ट्रायकर म्हणून खेळलेला हा माणूस निवृत्तीनंतर कोच म्हणून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला आला, आणि बायको परत गेल्यावरही इथेच राहिला. सांधा बदलायला सर्जनने दोनदा तारीख दिली होती. दोन्ही वेळा 'हंगाम संपू दे' म्हणत त्याने ती टाळली. कोचिंग सोडून सहा वर्षं झाली होती. हंगाम कसला, हे सुलेखाने विचारलं नव्हतं. पण फाइलमधला फॉर्म तिने वाचला होता. सगळे रकाने नेटक्या अक्षरात भरलेले. 'ऑपरेशननंतर घरी सोबत कोण असेल?' यापुढे मात्र पेन टेकवल्याचा निळा ठिपका, एवढंच.

"कोपर कशाने सोललं?"

"बाथटब. रविवारी आत बसलो, उठता येईना. हाका मारून पाहिल्या. शेवटी कोपरांवर सरपटत बाहेर आलो."

"किती वेळाने?"

"एक अख्खी मॅच. एक्स्ट्रा टाइमसकट."

सुलेखा हसली नाही. "कोणालाच ऐकू गेलं नाही?"

"कोणाला जाणार?" तो हळूहळू उठून बसला. "सोळा वर्षं मैदानभर ओरडलो, मला दे, मला दे! चेंडू मागायला कधी लाजलो नाही. मला माणूस मात्र मागवत नाही बघ."

तिने फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. अशाच एका फॉर्मवर तिने स्वतः पुण्यातल्या भावाचा नंबर लिहिला होता, बारा हजार किलोमीटरवरचा.

"कोपऱ्यावरच्या दुकानातले रमणभाई रोज तुमच्यासाठी पेपर राखून ठेवतात ना?"

"त्याला दुकान आहे, सुलेखा. पंधरा दिवस माझी उस्तवार करत बसेल होय?"

"विचारलंत कधी?"

कॉलिनने पेन घेतलं. निळ्या ठिपक्यावर टेकवलं, उचललं, बाजूला ठेवलं. मग खिशातून फोन काढला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"रमण? मी कॉलिन. नाही, पेपरसाठी नाही." त्याने सुजलेल्या गुडघ्यावर तळहात ठेवला. "ऐक ना. मी ऑपरेशन करून घेतोय."