चौलातली देवाची दारं

लग्नानंतर सासूबाईंनी मला एक नेम लावून दिला. देवाचं दार दिसलं की वाहनातून उतरायचं, चपला काढायच्या, डोकं टेकायचं, मगच पुढे. आमच्या तळा गावात हे काही जड नाही. घरापासून स्टँडपर्यंत देवळं दोनच. एसटी आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून तिच्यात मी डोळे मिटून जप करते. ही सवलतही सासूबाईंचीच. बावीस वर्षं नेम मोडला नाही. पण सासूबाई कधी चौलला गेल्या नव्हत्या.

मागच्या बुधवारी माझ्या भाचीचा, रुचिताचा, साखरपुडा चौलात मुलाच्या घरी होता. सगळे आदल्या दिवशीच गेले. सकाळची पूजा टाकून मी कशी जाणार? शिवाय आमच्या चंडिकेपुढे ठेवलेला नारळ माझ्या पिशवीत, आणि तो ओटीत पडल्याशिवाय आमच्यात अंगठी घालत नाहीत. बाराला राहुकाळ लागणार. मुलगा, विनेश, जहाजावर नोकरीला. दुसऱ्या दिवशी निघाला की नऊ महिने परत नाही.

पावणेअकराला रेवदंड्यात उतरले.

"पंधरा मिन्टांत पोचवतो," रिक्षावाला म्हणाला. जीवन त्याचं नाव. मिशा पिकलेल्या, आवाज खणखणीत.

पहिल्याच वळणावर मारुती. उतरले. मग गणपती. मग एक मशीद.

"ताई, ती मशीद हाय."

"दार देवाचंच ना?"

"व्हय, पण..."

"मग थांबव."

पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी काही न विचारता आपल्या चपला सरकवून माझ्या चपलांना जागा करून दिली. पुढे बेने इस्रायल लोकांचं प्रार्थनाघर लागलं. फाटकाला कुलूप होतं, म्हणून फाटकालाच डोकं टेकलं. मग किल्ल्यातलं पडकं चर्च. आत गवत, वर नुसतं आभाळ.

"याला छप्परच नाही रे," मी जरा आशेने म्हटलं.

"पण दार हाय, ताई." जीवनला आता गोडी लागली होती. "आन् तो डोंगर बघा. वर हिंगुळजा देवी, तिथंच बुद्धाची लेणी. दिसतात?"

"मला लांबचं दिसत नाही," मी म्हटलं आणि चष्म्याच्या नंबराचे पहिल्यांदाच आभार मानले.

तेवढ्यात फोन. माझी भावजय, कोकिळा.

"वन्सं, आहात कुठे?"

"चर्चमध्ये."

"चर्चमध्ये काय करताय?"

"नमस्कार."

"साडेअकरा झाले, वन्सं. मुलाची आत्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसलीय!"

मी घाईने रिक्षात बसले. "अजून किती दारं आहेत रे?"

"जुनी माणसं सांगतात, चौलात तीनशे साठ देवळं. तळी पण तेवढीच."

मी नारळ घट्ट धरला. डोळ्यांत पाणीच आलं. जीवनने आरशातून ते पाहिलं असावं.

"एसटीत काय करता, ताई?"

मी सवलत सांगितली. त्याने मीटरवर दोनदा टिचकी मारली. "टिंग टिंग! आता ही एसटी. हात केलात तरी थांबणार न्हाय."

"असं कसं? रिक्षा सांगितलं की थांबते."

"सांगून बघा."

सांगितलं. थांबला नाही. मी हुश्श करून डोळे मिटले.

मग चौल नाकाकानांनी पाहिलं. सुपारीच्या वाड्यांचा ओला गारवा, कुणाच्या तरी परसात तळणारा मासा, आणि दर थोड्या वेळाने एक घंटा. प्रत्येक घंटेला जप वाढवत गेले.

"चौल रामेश्वर! शेवटचा थांबा!"

डोळे उघडले. समोर रामेश्वराचं देऊळ नि तळं. पाठीमागे, रस्त्यापलीकडे, मांडव घातलेलं घर. अकरा बावन्न.

"अरे, घराशी थांबवायचं ना!"

"एसटी दारात जाते व्हय?"

गाडी थांबलेली, डोळे उघडे. आता कुठलीच सवलत उरली नव्हती. आणि तळ्याला वळसा घालून देवळापर्यंत जाऊन परत यायचं, तर बारा वाजणार.

"वन्सं, इकडे!" फाटकातून कोकिळा ओरडली. तिच्यामागे आत्याबाई, मनगटावरचं घड्याळ वर धरून.

मी आयुष्यात कधी रस्त्यात ओरडले नाही. त्या दिवशी ओरडले. "रुचिताला इकडेच आणा!"

"देवळात?" आत्याबाई म्हणाल्या. "चौरंग इथे मांडलाय!"

"मग देव तिकडं न्या," जीवन म्हणाला.

आधी आत्याबाईच हसल्या. मग ताटं, पाट, निऱ्या सावरणारी रुचिता, एका पायात बूट घातलेला विनेश, सगळे रस्ता ओलांडून धावले. ते पोचेपर्यंत मी चपला काढून पायरीवर डोकं टेकलं होतं. अकरा सत्तावन्नला चंडिकेचा नारळ ओटीत पडला, आणि अंगठी बोटात.

जेवणं झाल्यावर बाहेर आले, तर जीवन तिथेच. हातात विड्याचं पान.

"परत जाताना काय, ताई? रिक्षा का एसटी?"

"रिक्षा," मी म्हटलं. "सावकाश."

"दारं मोजून ठेवलीत," तो म्हणाला. "सात राहिलीत."