राखाडी चौकोन

माझा राग प्रसिद्ध आहे. दुकानात तो दिसत नाही, कारण मी चष्मेवाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना हात थरथरून चालत नाही. घरात मात्र तो सगळ्यांना पुरेपूर ठाऊक. आत्या तर मला नावाने हाक मारतच नाही, लहानपणापासून चिडक्याच म्हणते. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे राहते. एका दुपारी ती दुकानात आली, डोळे तपासायच्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "चिडक्या, त्या कॉम्प्युटरवर म्हणे माणसं सापडतात. मला दादा शोधून दे."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझे थोरले काका. भावंडं तीन: थोरले काका, मधले माझे बाबा आणि धाकटी आत्या. काकांना मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते कामासाठी दूर गेले, आजोबा वारले तेव्हा आले नाहीत, आणि बाबांनी जाहीर करून टाकलं, "मला भाऊ नाही. तो मेला." नंतर काकांची पत्रं आली, ती बाबांनी न फोडता परत पाठवली. मग ती यायची थांबली. कुणी चौकशी केली की बाबा तेच उत्तर द्यायचे, तेही अगदी सहज, आज हवा बरी आहे म्हणावं तसं. मीही बापाचाच मुलगा. ज्याला स्वतःच्या वडिलांच्या शेवटाला यायला जमलं नाही, त्याचं आपल्याला काय, असं माझं ठाम मत होतं.

"आता कशाला उकरून काढतेस, आत्या?"

"तो आहे की नाही, एवढंच कळू दे. नसेल तर नसेल, एकदाची रडून मोकळी होईन. हे अधांतरी लटकणं मला आता सोसत नाही रे."

तिला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. दुपारी दुकानात शुकशुकाटच असतो. त्या खुर्चीसमोरच, काचा घासायच्या मशीनशेजारी हिशेबाचा जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर घराण्यांचे वृक्ष मांडणारी एक वेबसाइट उघडली आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

आधी पासवर्ड. त्यात म्हणे एक मोठं अक्षर हवं, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह. सगळं घातलं. उत्तर आलं, पासवर्ड कमकुवत आहे. म्हटलं, मीही आहे, चालवून घे. मग फोनवर एक आकडा येणार, तो इथे भरायचा. फोन वरच्या मजल्यावर चार्जिंगला. बायकोने जिन्यातून ओरडून आकडा सांगितला, मी भरला, तर त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागवला, पुन्हा ती ओरडली, समोरचा शिंपी काय झालं म्हणून बघायला आला. तेवढं पार पडलं तर पडद्यावर बारीक बारीक फोटो उमटले. ज्यात सिग्नलचे दिवे आहेत ते निवडा आणि आपण माणूस आहात हे सिद्ध करा. मी, दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस, त्यात तीनदा नापास झालो.

"आत्या, मी माणूस आहे ना गं?"

"तुझी आई तसं म्हणायची खरी," आत्या म्हणाली.

शेवटी एकदाचं दार उघडलं. पांढऱ्या पडद्यावर रिकामे चौकोन. खालच्या चौकोनात मी, वर आई-बाबा, त्याच्या वर आजी-आजोबा. बाबांच्या बाजूला त्यांची भावंडं. आजीच्या चौकोनात माहेरचं आडनाव मागत होते. मला ते माहीत नव्हतं, आणि आपल्याला शोधायचे होते काका. आजीशी काय काम? 'नंतर भरा' दाबलं आणि पुढे गेलो.

प्रत्येक चौकोनात नावाखाली एक प्रश्न असे: जिवंत की मृत? दोनांतलं एक निवडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आजोबा मृत. बाबा मृत, तिथे बोट जरा अडखळलं, पण दाबलं. आत्या जिवंत. जिवंत म्हणताच तिचा चौकोन राखाडी झाला, नाव गायब आणि त्याच्या जागी एकच शब्द: खाजगी. जिवंत माणसाची माहिती इथे चव्हाट्यावर मांडत नाहीत, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आत्या खूश झाली. "बरं आहे, माझं वय कुणाला दिसायचं नाही."

मग काकांचा चौकोन आला. नाव भरलं. जिवंत की मृत?

"माहीत नाही असं लिही," आत्या म्हणाली.

"तसं काही नाही इथे."

"मग सोडून दे."

"सोडताही येत नाही."

मी 'जिवंत' दाबून पाहिलं. चौकोन राखाडी झाला आणि शोधायचं बटणच नाहीसं झालं. जिवंत माणसांचा शोध ही वेबसाइट घेत नाही. मदतीच्या खिडकीत मी विचारलं, ज्याचं काहीच ठाऊक नाही त्याचं काय करावं? उत्तर आलं, आपला प्रश्न समजला नाही. पुन्हा विचारलं, तर म्हणे आपल्याला मदत करून आनंद झाला. मी माउस आपटला.

"हे बघ," मी आत्याला म्हणालो, "काका सापडायला हवे असतील तर मृत म्हणावं लागेल. नुसतं एक बटण आहे. त्याने काही होत नाही."

आत्याचा चेहरा पडला. "तुझ्या बापाने एकदा मारला त्याला," ती म्हणाली. "आता तू मार. घराण्याची रीतच झाली." आणि उठून वर गेली.

मला राग आला, तसाच थोड्या वेळाने उतरलाही. ती बरोबर बोलली होती. पुढचे काही दिवस तिने दुकानात पाऊल टाकलं नाही. जेवताना बोलायची, पण भाजीत मीठ किती आणि पंखा किती जोरात यापलीकडे नाही. मीही कॉम्प्युटरला हात लावला नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती.

मग एका दुपारी ती पुन्हा येऊन त्याच खुर्चीत बसली.

"दाब," ती म्हणाली. "शोधायला मारावाच लागत असेल तर मारू. पण बटण मी दाबणार. तू नाही."

मी तिची खुर्ची कॉम्प्युटरजवळ सरकवली, माउस तिच्या हाताखाली दिला आणि बाण बरोबर जागी नेऊन ठेवला. तिने डोळे मिटले आणि दाबलं. चौकोन काळा झाला, नाव ठळक दिसायला लागलं.

नोंदी मात्र ढिगाने आल्या. त्याच नावाचा एक खाणकामगार होता, एक बोटीवरून बुडालेला होता, एक तर तान्हेपणीच गेलेला. एकाने तीन लग्नं केली होती. मी एकेक वाचून दाखवायचो आणि आत्या मान हलवायची. हा नाही, त्याचा जन्म फार आधीचा. हा नाही, त्याच्या बापाचं नाव वेगळं. प्रत्येक 'नाही'बरोबर ती जरा मोकळा श्वास घेत होती, ते मला दिसत होतं. सगळं संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि आमच्या हाती ना शेंडा ना बुडखा.

"झालं," मी म्हणालो. "यापुढे काही नाही."

आत्या पडद्याकडे बघत होती. चष्मा तिला मीच करून दिलाय, लांबचं तिला स्वच्छ दिसतं.

"आई अर्धीच का आहे?"

"कुठे?"

"ती बघ. नुसतं नाव. बाकी कोरं."

"माहेरचं आडनाव मागतायत. मला माहीत नाही."

"मला माहीत आहे की! विचारलंस का कधी?" तिने आडनाव सांगितलं, आजीचं जन्मगाव सांगितलं, आजीच्या आई-वडिलांची नावंही सांगितली, तीही एका दमात. मी भरत गेलो. शेवटचं अक्षर टाकून 'जतन करा' म्हटलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान हललं. आपल्या वृक्षाशी जुळणारा आणखी एक वृक्ष सापडला आहे. पाहायचा का?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. लेकराला शोधत हिंडलो, आणि त्याच्या आईला विचारायचं राहिलं.

दाबलं. कुणीतरी मांडलेला दुसरा वृक्ष उघडला. वर आजोबा, शेजारी आजी, माहेरच्या आडनावासकट. जन्मगाव तेच. दोघांच्या नावाखाली 'मृत'. आणि त्यांच्या खाली तीन चौकोन. तिन्ही राखाडी. खाजगी, खाजगी, खाजगी.

"च्यायला या मशीनच्या!" मी ओरडलो. "ऐन वेळी दाखवत नाही!"

"चिडक्या, ओरडू नकोस. राखाडी म्हणजे काय होतं?"

राखाडी म्हणजे जिवंत. हा वृक्ष ज्याने मांडला, त्यालाही हाच प्रश्न आला होता. दोनांतलं एक निवडल्याशिवाय त्याचीही गाडी पुढे सरकली नसणार. तीन भावंडांपुढे त्याने तीनदा 'जिवंत' दाबलं होतं.

खाली बारीक अक्षरांत वृक्ष मांडणाऱ्याचं नाव होतं. नाव आमच्या घरातलं, आडनाव आमचंच. थोरल्या काकांचं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: परवा येऊन गेले.

मी ते वाचून दाखवलं. आत्याने पदर तोंडाला लावला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला माझ्या बापाची लाज वाटली आणि कीवही आली. आमच्या घरात ज्याला जन्मभर मेला म्हटलं, त्याने आमच्यातल्या एकालाही मरू दिलं नव्हतं. ज्याने पत्रं परत पाठवली, त्या भावालाही नाही.

"आधी आपलं ते नीट कर," आत्या डोळे पुसून म्हणाली. मी आमच्या वृक्षात गेलो आणि काकांना परत जिवंत केलं. मग त्यांच्या नावाशेजारचं 'निरोप पाठवा' दाबलं. पांढरी चौकट उघडली.

"काय लिहू?"

"लिही, दादा, मी धाकटी. मी आहे. माझा भाचा हे टाईप करतोय, चुका त्याच्या."

"भाचा कुठला? काकांचा मी पुतण्या."

"तेच की. लिही."

लिहिलं. फोन नंबर घातला, दुकानाचा पत्ता घातला. मग माझी बोटं थांबली.

"आणि बाबांचं?" मी विचारलं. "बाबा गेले, हे लिहायला हवं ना?"

आत्याने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून काहीच नव्हतं, नुसती आमची तीन-चार वाक्यं.

"नको," ती म्हणाली. "त्याच्याकडे अजून आहे तो. असं लिहून नाही रे कळवायचं. त्याचा आवाज ऐकू आला की मी सांगेन, हळूहळू. तोवर राहू दे त्याला भाऊ."

मी तेवढंच पाठवलं.