सुगंधाचं मत माझ्या पोटात

"काशीबाय, आयकलंस गो? सुगंधान म्हणे आपला मत इकल्यान! झिलाक वाचवूसाठी त्या हरिश्चंद्राक..."

रोझालिनाबायचं वाक्य तिथेच अडकलं, कारण खुद्द सुगंधाच ऑफिसच्या पायऱ्या चढत होती. काशीबाईने लगेच बांगड्यांचा विषय काढला. मी कपाटावरून बघत होते. हसू आलं, पण पत्र्याला हसता कुठे येतं?

मी एक मतपेटी. कुडाळला एका पत्र्याच्या कारखान्यात जन्मले आणि आचऱ्याजवळच्या या मच्छीमार सोसायटीत आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. अंगाला हिरवा रंग, डोक्यावर बारीक फट, स्वभाव जरा चौकस. पाच वर्षांतून एकच दिवस मला मान. त्या दिवशी लाखेचं सील, शेजारी पोलीस. बाकीचे दिवस इथली क्लार्क रोझालिनाबाय माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवते.

आमच्या गावाची एक लढाई आहे. बाहेरच्या मोठ्या बोटी झगझगीत दिवे लावून किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेतात. मग गावची पोरं होड्या काढतात आणि समुद्रात दगड, बांबू, बाटल्या चालतात. तीन वर्षांत एकाचा हात गेला, सात जणांवर केसेस झाल्या. त्या सातांत सुगंधाचा झील, म्हणजे मुलगा, मंगेश. सुगंधा बाजारात मासे विकते. तिनेच विक्री थांबवून बायकांना घेऊन बाजारात ठिय्या मारला, "मारामारी बंद करा!" दोन दिवस गावात कुणाच्या घरी मासे शिजले नाहीत. आमच्याकडे याहून मोठा निषेध नाही.

अशात चेअरमनची निवडणूक आली. एका बाजूला हरिश्चंद्र. त्याचं भाषण एकच: "लढाई चालूच ऱ्हवतली!" दुसऱ्या बाजूला लवू. तो म्हणे, समेट करू. सगळ्यांना वाटलं, बायकांची मतं लवूला. लवू माणूस गुळासारखा. त्याला सगळे चांगला म्हणतात आणि त्याचं कुणीच ऐकत नाही. गेल्या वर्षी सकाळी त्याने समेटाच्या कागदावर सही केली, आणि दुपारी चार होड्या दगड भरून निघाल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी हरिश्चंद्र मला तपासायला आला होता. उमेदवार आत हात घालून बघतात, कुणी आधीच चिठ्ठी टाकली नाही ना म्हणून. माणसांचा एकमेकांवर भारी विश्वास! इतक्यात सुगंधा आली.

"हरिश्चंद्रा, माझ्या झिलाचा काय तां आदी सांग. मगे मताचा बोलू."

रोझालिनाबायने एवढंच ऐकलं, कारण हरिश्चंद्राने तिला चहा सांगायला पिटाळलं. अफवेचं बी ते एवढंच. पुढचं मी ऐकलं.

"माका ही मारामारी नको," सुगंधा म्हणाली. "पण लवूचा आयकान कोण होडी मागे फिरवतलो? ज्याच्या शब्दान पोरां जातत, त्याच्याच शब्दान परततली. म्हणान मत तुका. पण पुढल्या खेपेक पयल्या होडयेत तू बसाचा. सगळ्यात पुढे."

"माजी ढोपरां दुखतत गो. बासष्टाक लागलंय."

"मंगेश तेवीस वर्षांचो. तेची ढोपरां नवीन आसत म्हणान फोडून घेवची?"

हरिश्चंद्राने दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मंगेशाक घरात ठेवूया काय? कोणाक कळाचा नाय."

सुगंधाने माझ्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली. 

"नको," ती म्हणाली. "तो तुझ्या बाजूक बसतलो. बाकीच्या पोरांच्या आवशींका मी काय तोंड दाखवू?"

हरिश्चंद्र एकतीस मतांनी निवडून आला. लवूने त्याला हार घातला तेव्हा लवूच जास्त खूश दिसत होता. पहिल्याच सभेत ठराव झाला, "संघर्ष अधिक तीव्र करण्यात यावा." टाळ्या!

महिन्याभरात पुन्हा दिवे दिसले. माझ्या खिडकीतून पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, दिसते. पोरं होड्या ढकलत होती आणि सुगंधा पन्नास बायका घेऊन उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. सगळ्या फक्त हरिश्चंद्राकडे बघत होत्या. तो धोतर आवरत पहिल्या होडीत चढला. शेजारी मंगेश.

लढाईत पहिला दगड पुढच्याच होडीत पडतो, हे हरिश्चंद्राला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तो दगड मंगेशच्या कपाळाला लागला. रक्त हरिश्चंद्राच्या सदऱ्यावर उडालं, आणि गावाने जन्मात ऐकली नव्हती ती हाक त्याने दिली, "मागे फिरा रे!" सगळ्या होड्या फिरल्या.

मंगेशला सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. सुगंधा आठ दिवस बाजारात आली नाही. मग सोसायटीत आली तेव्हा रोझालिनाबायला राहवलं नाही. "खरा सांग गो, मत इकलंस काय?"

"इकलंय," सुगंधा म्हणाली. "पण झिलाक घरात ठेवूक नाय. तेका पुढे बसवूक."

रोझालिनाबाय डबा उघडायचंच विसरली. अफवा अर्धी खरी निघाली, आणि उरलेला अर्धा भाग तिला सोसवेना.

ठराव अजून कायम आहे. लढाई कागदावर जोरात चालू आहे. फक्त होडी काढायची म्हटली की कधी इंजिन बिघडतं, कधी वारा उलटा असतो, कधी चेअरमनची ढोपरं. दिवे अजून येतात, मासळी अजून जाते, त्याचं उत्तर माझ्या पोटात नाही.

मी आता गंजले आहे. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, माझ्यात लॉटरीच्या चिठ्ठ्या टाकतात, पोरं मला गदागदा हलवतात. तुम्हाला एवढंच सांगते, चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा असते, अट लिहायला नसते. तेव्हा बाबांनो, मत टाकलंत की तिथूनच घरी परतू नका. पुळणीपर्यंत चालत जा, आणि आपला माणूस होडीत चढेपर्यंत उभे राहा.