भिंगरी झोपत नाही

त्याच्या सलूनच्या खुर्चीत बसलेला माणूस पाच-सात मिनिटांत डुलक्या घ्यायला लागतो, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. दाढीला साबण लावून ब्रश दोनदा गोल फिरवला की मान मागे आणि तोंड उघडं. शेजारच्या खुर्चीवर त्याचा मोठा भाऊ काम करायचा. त्याच्याकडेही गिऱ्हाइकं पेंगायची, पण घोरायची ती धाकट्याच्याच खुर्चीत.

"तुझा हात फिरला की माणूस गेलाच म्हणून समज," दादा म्हणायचा.

"गिऱ्हाइकासमोर असं बोलत जाऊ नकोस," धाकटा म्हणायचा.

आणि या माणसाची स्वतःची पाच वर्षांची मुलगी झोपत नव्हती.

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण घरात तिला भिंगरी म्हणत. पाय फुटल्यापासून ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. एवढी दिवसभर धावलेली पोर रात्री अंथरुणाला टेकताच झोपायला हवी. पण नऊ वाजता दिवा मालवला की तिचे डोळे टकटकीत उघडायचे. आधी पाणी. मग शू. मग उशी गरम झाली म्हणून उलटी करायची. मग चादरीची शिवण पायाला टोचते म्हणून चादर फिरवायची. आणि मग प्रश्न.

"बाबा, मासे झोपले की बुडत नाहीत का?"

"नाही."

"बाबा, आज बुधवार आहे हे कुणी ठरवलं?"

असं करत साडेदहा वाजायचे.

तिची आई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि काही झालं तरी आवाज चढवायचा नाही, असं तिचं काम. पहिली बॅच सकाळी साडेसहाची. त्यामुळे नवरा-बायकोने पाळी लावून घेतली होती. एक दिवस बाबाने भिंगरीला झोपवायचं, एक दिवस आईने. ज्याची पाळी नसेल त्याने भांडी घासायची, इस्त्री करायची, डब्यांची तयारी करून ठेवायची. बाबाच्या पाळीला बऱ्याचदा बाबाच आधी लवंडायचा. मग भिंगरी चादर ओढत स्वयंपाकघरात यायची.

"आई, बाबा झोपला. आता मी काय करू?"

उपाय करून झाले होते. कोमट दूध झालं, संध्याकाळचा टीव्ही बंद झाला. गोष्टी सांगून पाहिल्या, पण गोष्ट ऐकून तिची होती नव्हती ती झोप उडायची, आणि राक्षसाचं पुढे काय झालं यावर चर्चा सुरू व्हायची. लवकर झोपल्याबद्दल कॅलेंडरवर चांदण्या चिकटवायची टूम काढली, तर ती चांदणी मिळाली का हे बघायला उठून बसायची. बाबाने आपला हुकमी एक्का काढला आणि तिचं डोकं चोळून दिलं. ती गुदगुल्यांनी गडाबडा लोळली.

"दुकानात तुझ्या हाताने लोक घोरतात आणि घरी ही नाचते," बायको दारातून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला तपासलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. "मुलगी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं मात्र दमलेले दिसता."

एका शुक्रवारी बाबाचा तोल गेला. दिवसभर उभं राहून त्याचे पाय भरून आले होते. भिंगरी चौथ्यांदा उठून बसली तेव्हा तो ओरडला, "किती वेळा सांगायचं? झोप म्हणतोय ना!"

ती आडवी झाली. डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. थोड्या वेळाने त्याला मुसमुसणं ऐकू आलं.

"मी झोपतेच आहे, बाबा," ती म्हणाली. "पण मला ते जमतच नाहीये."

आजवर तो हा हट्ट समजत होता. तिलाही झोपायचं असतं आणि ते तिला येत नाही, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याने तिला कुशीत घेतलं, नाक पुसलं आणि "असू दे, नाही तर नाही," एवढंच म्हटलं. त्या रात्रीही साडेदहाच वाजले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळेला सुट्टी होती आणि आईला शिकाऊ मंडळींना लायसनच्या परीक्षेला न्यायचं होतं, म्हणून भिंगरी बाबाबरोबर सलूनमध्ये आली. बाकावर बसून तिने जुनी मासिकं चाळली, स्प्रेच्या बाटलीने आरशावर पाणी मारलं, मोठ्या काकाची फणी बाहुलीच्या केसांत अडकवून तोडली. अकराच्या सुमाराला पोस्टमन आले. दर शनिवारी दाढी करायला येणारं हे जुनं गिऱ्हाईक. ते बाबाच्या खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि गालाचा साबण वाळायच्या आत घोरायला लागले.

भिंगरी अगदी जवळ येऊन त्यांचं उघडं तोंड बघत राहिली.

"तू यांना झोप म्हणालास?" तिने बाबाला विचारलं.

"नाही गं."

"मग कसे झोपले?"

"त्यांनाच विचार उठल्यावर," दादा म्हणाला.

तिने खरंच विचारलं. पोस्टमन टॉवेलने तोंड पुसत होते, तेवढ्यात ही समोर उभी. "काका, तुम्ही कसे झोपलात? मला शिकवा ना."

पोस्टमन हसले नाहीत. त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला.

"असं आहे बघ बेटा," ते म्हणाले, "दिवसभर मला सगळे काही ना काही विचारतात. माझं पत्र आलं का, पार्सल का नाही आलं, सही कुठे करू. इथे तुझे बाबा आणि काका आपले आपापसात बोलत असतात. आज काय तर गच्चीवरच्या टाकीचं झाकण. मला कुणी काही विचारत नाही. आवाज तेवढा येत राहतो. मग माझं मला कळतही नाही."

भिंगरीला ते फारसं पटलं नाही. ती पुन्हा स्प्रेच्या बाटलीकडे वळली.

त्या रात्री पाळी आईची होती. बाबा भांडी घासून, हात पुसत खोलीच्या दाराशी आला. आत नेहमीचं चाललं होतं, उशी दुसऱ्यांदा उलटी होत होती. तो आत जाऊन पलंगाच्या दुसऱ्या कडेला टेकला आणि सहज म्हणाला, "आज हिने पोस्टमनना काय विचारलं माहितेय का?" मग त्याने सगळं सांगितलं. बायको हसली आणि परीक्षेचं सांगू लागली. एका आजोबांनी गाडी उत्तम चालवली, उत्तम उभी केली आणि मग सीटचा पट्टा काढायला विसरून तसेच उतरायला गेले. परीक्षक साहेबांनी त्यांना पट्ट्यातून सोडवलं. ते ऐकून तो हसला, मग त्याने तुटलेल्या फणीचं सांगितलं, मग तिने गाडीच्या क्लचचं. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष खाली गेलं. भिंगरीचा हात पलंगावरून लोंबत होता आणि तिचा श्वास संथ चालला होता.

दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊच झाले होते. बायकोने त्याचा दंड धरला आणि दोघं चोरासारखे चवड्यांवर बाहेर आले.

दुसऱ्या रात्री त्यांनी तोच प्रयोग मुद्दाम करायचं ठरवलं. दोघं पलंगाच्या दोन कडांना बसले आणि हलक्या आवाजात बोलायला लागले.

"आज हवा बरी आहे, नाही?"

"हो, बरीच बरी आहे."

भिंगरी ताडकन उठून बसली. "तुम्ही खोटं खोटं बोलताय," ती म्हणाली. ती रात्र फुकट गेली. नंतर एकदा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं यावरून दोघांची जुंपली, तेव्हाही ती कान टवकारून साडेदहापर्यंत जागी राहिली. म्हणजे बोलणं खरं हवं आणि त्यात भांडण नको, एवढं त्यांना कळलं.

खरं बोलायचं तर बोलायला काही हवं. आणि त्यांच्याकडे ते साठून राहिलं होतं. दोन वर्षं एकजण आत अन् एकजण बाहेर, यात डब्यात काय देऊ आणि गॅस बंद केलास का यापलीकडे त्यांचं बोलणंच झालं नव्हतं. आता रोज नऊ वाजता थोडं थोडं निघायला लागलं. दादाच्या मुलाला परगावी नोकरी लागली होती आणि दादा आजकाल गप्प गप्प असायचा. बायकोच्या बहिणीने तिसऱ्यांदा घर बदललं होतं. भिंगरी मध्ये पडून ऐकायची, कधी एखादा शब्द टाकायची आणि कुठल्या तरी वाक्याच्या मध्येच झोपून जायची. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस तरी.

अशाच एका रात्री भिंगरी झोपल्यावरही बायको उठली नाही.

"तुला एक सांगायचंय," ती अंधारात म्हणाली. "महिना झाला त्याला. दवाखान्याजवळच्या चौकात माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. समोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक मारला, गाडी थांबली. पण वीतभरच अंतर राहिलं होतं."

त्याने भिंगरीच्या अंगावरून हात पलीकडे नेऊन बायकोचा हात धरला.

"तेव्हापासून तो चौक आला की माझा पाय थरथरतो. शिकाऊ माणसाला कळू नये म्हणून मी गुडघ्यावर फाईल ठेवते."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार होते? तू आत असलास की मी बाहेर."

ते खरंच होतं. तो म्हणाला, "सोमवारी दुकान बंद असतं. मला गाडी शिकव. तुझ्या त्या चौकातून आधी मला ने."

"तुला? तुला सायकलसुद्धा सरळ चालवता येत नाही."

"म्हणूनच म्हणतोय. माझ्यापेक्षा वाईट कुणी भेटणार नाही तुला."

सोमवारी भिंगरी शाळेत असताना ते गेले. चौकाच्या अलीकडे त्याने दोनदा गाडी बंद पाडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव घेतला, आणि बायको इतक्या शांत आवाजात "क्लच. आता हळूहळू सोड," म्हणत राहिली की त्यालाच पेंग यायला लागली. पलीकडे पोचल्यावर त्याने तिच्या पायाकडे पाहिलं.

"थोडा थरथरला," ती म्हणाली. "पण थोडाच. पुढच्या सोमवारी परत येऊ."

असे ते दोघं पाच सोमवार जात राहिले. फाईल मागच्या सीटवर गेली. त्याला लायसन काही मिळालं नाही, आणि त्याने फारसं मनावरही घेतलं नाही.

भिंगरीला सातवं लागलं. एका रात्री दोघं नेहमीप्रमाणे तिच्या दोन बाजूंना बसून बोलत होते. विषय निघाला होता दादाने घेतलेल्या नव्या खुर्चीचा, आणि बाबा अगदी रंगात आला होता. भिंगरीने उशीतून डोकं वर काढलं.

"तुम्ही बाहेर जाऊन बोला ना," ती म्हणाली. "मला झोपायचंय."

दोघं एकमेकांकडे बघत उठले. बाबाने दार अर्धवट लोटलं. स्वयंपाकघरात बायकोने खुर्ची ओढली, त्याच्यासाठी दुसरी सरकवली आणि विचारलं, "हं, मग ती खुर्ची मागे किती झुकते म्हणालास?"