वॉरंटीवरचा नंबर

सुताराने रंधा मशीन दाराच्या फळीवर टेकवून खटका दाबला. मशीनने जेमतेम घरघर केली आणि कडेच्या भोकांतून धूर सोडला. त्याने खटका सोडून पुन्हा दाबला. आता घरघरही नाही. जळक्या तारेचा वास शेडभर पसरला. रंधायची राहिलेली दारं भिंतीला टेकून उभी होती, आणि ती ज्या घराला लागायची होती त्या घराचा मालक सकाळ-संध्याकाळ चक्कर मारून जात होता.

त्याने मशीन पोत्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याकडे नेलं. वाइंडिंगवाल्याने बाजूची दोन टोपणं फिरवून कार्बन बाहेर काढले, उजेडात धरून पाहिले आणि परत घातले.

"कार्बन ठणठणीत आहेत. आतल्या मोटरचं आर्मेचर गेलंय."

"मग उघड की."

"उघडतो. पण आधी हे बघ." त्याने एका स्क्रूवरच्या लाल ठिपक्यावर नख ठेवलं. "सील शाबूत आहे. मी पाना लावला की तुझी वॉरंटी संपली."

"तू कधीपासून वॉरंटीचा कैवार घ्यायला लागलास?"

प्रश्न रास्त होता. वॉरंटी खोक्याला असते, मशीनला नसते, हे वाइंडिंगवाल्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि अर्धं गाव ते त्याच्या तोंडून ऐकून होतं. कंपनीच्या केंद्रात मशीन दिलं की ते तिथंच म्हातारं होतं, असंही तो सांगायचा. पण आज त्याने मशीन पुन्हा पोत्यात गुंडाळून सुताराच्या हातात दिलं.

"याचं आर्मेचर बाहेर मिळत नाही. मी दुसरं काहीतरी जुळवून बसवीन आणि चार दिवसांनी तू माझ्या नावाने खडे फोडशील. तिथं फुकट बसवून देतात. जा मुकाट्याने."

सुतार गेला नाही. त्याने माळ्यावरचा हातरंधा काढला, पातं परजलं आणि दारं हाताने रंधायला घेतली. तिसऱ्या दिवशी त्याचा खांदा भरून आला. जेवताना घास डाव्या हाताने तोंडाकडे जायला लागला तेव्हा बायकोला राहवलं नाही.

"अहो, वॉरंटी आहे ना? मग घोडं अडलंय कुठे?"

घोडं कुठे अडलंय ते तिला चांगलं ठाऊक होतं. मशीन दोघा भावांनी मिळून घेतलं होतं. थोरल्याला, म्हणजे या सुताराला, एक जुनी खोड होती. दुकानात स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. 'एकदा दिला की दिवसभर कोणकोण डोकं खातं,' असं म्हणून तो जिथे तिथे धाकट्याचा नंबर ठोकून द्यायचा. खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, प्लायवूडचं गोदाम, दवाखानासुद्धा, आणि या मशीनची वॉरंटीही. पुढे भाऊ वेगळे झाले, अवजारांची वाटणी झाली, रंधा मशीन इकडे आणि कटर तिकडे गेलं. नंबर मात्र जिथल्या तिथे राहिले. थोरल्याच्या वाढदिवसाला बिजागऱ्यांच्या दुकानाच्या शुभेच्छा अजून धाकट्याच्या फोनवर जात होत्या.

"मी जावेला विचारते," बायको म्हणाली. "आमचं बोलणं काही बंद नाही. त्या नंबरवर कोड येईल तो भावोजी एका मिनिटात सांगतील."

"मध्ये कुणी पडायचं नाही."

"बरं. मग खांदा शेकायला पाणी ठेवते."

भांडण तरी कसलं, तर दाराचं. धाकट्याने एका घरी दार बसवलं होतं. थोरला तिथे गेला, दार एकदा उघडून मिटून पाहिलं आणि मालकासमोर, तोंडातून अवाक्षर न काढता, सगळे स्क्रू काढून बिजागऱ्या पुन्हा बसवल्या. दार आधीही नीटच लागत होतं. धाकटा पेटीवर बसून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो कामाला आला नाही. शिवी दिली असती तर त्याने परत दिली असती आणि संध्याकाळी दोघं चहाला बसले असते. थोरल्याला हे कळत होतं. रोज कळत होतं आणि रोज त्याची जीभ जड व्हायची.

चौथ्या दिवशी तो मशीन घेऊन केंद्रात गेला. काउंटरवरच्या मुलीने मशीनवरचा क्रमांक संगणकात घातला.

"वॉरंटी आहे, काका. तुमच्या मोबाइलवर चार आकडी कोड गेलाय. तो सांगा, म्हणजे जमा करून घेते."

"तो नंबर माझ्याकडे नसतो."

"मग ज्यांच्याकडे असतो त्यांना फोन लावा ना."

तिच्या दृष्टीने ते एवढंच होतं. सुतार बाहेर पायरीवर आला. धाकट्याचं नाव फोनमध्ये अजून वरच होतं. काय बोलायचं ते त्याने मनात जुळवलं. 'मशीन बंद पडलंय' इथून सुरुवात करायची, मग 'कसं चाललंय' विचारायचं, आणि जमलंच तर त्या दाराचं काढायचं. त्याने अंगठा नावावर नेला तेवढ्यात फोन थरथरला. धाकट्याचा मेसेज होता. चार आकडे. मागेपुढे एक शब्द नाही.

कोडाच्या मेसेजमध्ये मशीनचं नाव असणार. धाकट्याने ते वाचलं आणि ओळखलं. कुणी सांगायला लागलं नाही. सुताराचं काम झालं होतं आणि तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं जुळवलेलं बोलणं पोटातच राहिलं. त्याने आत जाऊन आकडे सांगितले, पावती घेतली आणि घरी आला.

"दिला कोड भावोजींनी?" बायकोने विचारलं.

"दिला."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

आठवडा उलटला. दारं हातरंध्याखाली सरकत होती, घरमालकाच्या चकरा चालू होत्या. वाइंडिंगवाला येता-जाता विचारायचा, मशीन म्हातारं झालं की नाही. मग एका सकाळी बायकोने जावेकडून निरोप आणला की मशीन तयार असल्याचा मेसेज तिकडे आला आहे. सुतार हात पुसून लगेच निघाला.

मुलीने मशीन काउंटरवर ठेवून वायर जोडली आणि खटका दाबला. मशीन खणखणीत आवाजात चालू झालं. आर्मेचर नवं, पट्टा नवा, वर पुसूनबिसून दिलेलं. त्याने तळावर हात फिरवला. वॉरंटीला उगाच नावं ठेवली, असं त्याला वाटलं.

"नेताना पुन्हा कोड लागतो," मुलगी म्हणाली. "गेलाय बघा."

त्याने खिशातून फोन काढला. मेसेज आलेलाही होता. चार आकडे, मागच्यासारखेच कोरडे. मुलीला ते काउंटरपलीकडून दिसले.

"आला की. सांगा."

त्याने तिला हाताने थांबवलं आणि धाकट्याचं नाव दाबलं. घंटा वाजली. पलीकडे कटर चालू असल्याचा आवाज आला, मग तो बंद झाला.

"हॅलो."

"मी बोलतोय."

"हं."

"ते कोडाचं... आलाय का बघ. मशीन सोडवायचंय."

आकडे पाठवून धाकट्याला मिनिटही झालं नसेल. ते पोचलेत, हे त्याच्या फोनवर त्याला दिसत असणारच. सुताराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता हसणार, नाहीतर ठेवून देणार, असं त्याला वाटलं.

"थांब हं, दादा," धाकटा म्हणाला. "बघतो."

बघायला त्याने बराच वेळ घेतला. मग एकेक आकडा सावकाश सांगितला. सुताराने तो मोठ्याने पुन्हा म्हटला, मुलीने टाकला, पावती निघाली.

"शेवटचा काय म्हणालास?" सुताराने विचारलं.

धाकट्याने शेवटचा आकडा पुन्हा सांगितला.

"खांद्याला काय झालंय तुझ्या?" मग त्याने विचारलं. "ही सांगत होती."

"काही नाही. हाताने रंधत होतो."

"एवढी दारं? हाताने?"

"हं."

मुलीपुढे रांग वाढत होती. तिने पावती पुढे सरकवली आणि हळूच विचारलं, "काका, नंबर बदलून तुमचा टाकू का? म्हणजे दर वेळी त्यांना त्रास नको."

सुताराने फोन कानावरून काढला नाही.

"वॉरंटी किती राहिलीय?"

"अजून वर्षभर."

"मग असू दे तोच," तो म्हणाला.

"बरं," फोनमधून धाकटा म्हणाला.