वेशीबाहेरचं पाणी

पंचमीला माहेरी आलेली चन्नम्मा संक्रांत जवळ आली तरी मादन हिप्परग्यातच होती. नवरा तिला न्यायला आला नव्हता असं नाही. श्रावणातच आला, जेवायला बसला, आणि हैदराबाद राज्य मोडल्यावर आळंद तालुका कुठं जाणार यावरून सासऱ्याशी त्याची जुंपली. सोमशेखर कन्नडकडचा, गुरुशांतप्पा मराठीकडचे.

"शरणांची वचनं कन्नडात हायत, मामा!"

"आन् माझं दुकान मराठीत चालतंय, जावईबापू!"

सोमशेखर भरल्या ताटावरून उठला. "निकाल लागेपतोर या घरचं पाणीसुदीक घेणार न्हाई." आणि बायकोला न घेताच निघून गेला.

अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन तेही पाणी पिणारं लिंगायताचं घर ते. चन्नम्माची आई, अव्वा, रडली. चन्नम्माला स्वतःला रडूही येईना. ती शिवपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी. दुसऱ्याला नेम मोडा म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार?

पौषात सोमशेखरच्या कन्नडकडच्यांची सभा गावातच लागली. सभा उठायच्या वेळी ती घागर, तांब्या घेऊन वेशीबाहेरच्या विहिरीवर जाऊन थांबली. तो चौघांबरोबर गाडीकडं निघाला होता. वाळला होता, आवाज पार बसलेला.

"पाणी घ्या. घरचं न्हाई, गावविहिरीचं हाय."

त्यानं ओंजळ धरली. तहान भागली तरी ओंजळ हलेना, आणि तिनंही धार थांबवली नाही. पाणी कोपरांवरून गळत राहिलं.

"मी आत्ता येते," ती हळूच म्हणाली. "हाय तशी. न्या मला."

गाडीपाशी उभा असलेला त्याचा सोबती वीरण्णा हसला. "काय अण्णा, सासुरवाडीचं पाणी लई गोड लागायलंय?"

सोमशेखरनं हात झटकले. "विहिरीचं हाय रे!" तो मोठ्यानं म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, "मी नमलो म्हणतील, चन्नी. निकाल लागू दे. त्याच दिवशी येतो."

"कवा लागंल?"

तो गाडीत चढला. बैल जुंपून तयार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभूती लावून तिनं गळ्यातलं इष्टलिंग पूजेला तळहातावर घेतलं. सासरच्या बाजूनं निकाल मागावा तर अप्पांचा चेहरा पुढं येई. माहेरच्या बाजूनं मागावा तर नवऱ्याचा तो बसलेला आवाज. अव्वानं भाकरीला दोनदा हाक मारली, तरी ती उठेना.

शेवटी डोळे मिटून म्हणाली, "कुनाचंबी होऊ दे, देवा. पर लवकर होऊ दे."