पब्लिक कुठं उठते

सिनेमा काढायचं भूत लकडगंजातल्या नत्थूजींच्या डोक्यात शिरलं ते एकाहत्तरच्या दिवाळीनंतर. लाकडाचा धंदा जोरात, पोरी सासरी सुखात, डोक्याला ताप असा काही नव्हताच. मग तो विकत घ्यायला नको? त्यांनी मुंबईचा एक डायरेक्टर गाठला. तो म्हणाला, कथा आणा, पाच मिनिटांत सांगता येईल अशी. झालं! नत्थूजींनी गावभर सांगून टाकलं, की रविवारी सकाळी आपल्या लाकूड कापायच्या आरामशीनवर या, कथा सांगा, एक निवडू आणि लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर लावू.

पण निवडणार कोण? नत्थूजींना सागवान कळायचं, सिनेमा नाही. तेवढी अक्कल त्यांना होती, म्हणून त्यांनी रुपरावला बोलावलं.

रुपराव बर्डीच्या बाजारातल्या एका टॉकीजचा गेटकीपर. बावीस वर्षं, रोज तीन खेळ. त्यानं पडदा कमी पाहिला, माणसंच जास्त पाहिली. पब्लिक कुठं खुर्चीत चुळबुळते, कुठं विडी चाचपते, कुठं उठते, हे त्याला आधीच कळायचं. लोक उठायच्या अर्धा मिनिट आधी त्याचा हात आपोआप दाराच्या कडीवर जायचा. नवा सिनेमा लागला की मॅनेजर पडद्याकडे नाही, रुपरावच्या हाताकडे बघायचा. कडी निघाली की समजायचं, इथं पडला सिनेमा.

एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. रुपरावची स्वतःची एक कथा होती. अकरा वर्षं पेटीत, धोतराच्या घडीखाली. बायकोला, गोपिकालाही त्यानं ती वाचून दाखवली नव्हती. रविवारी बाकीच्यांना वाटेला लावायचं आणि शेवटी आपली काढायची, असा त्याचा बेत. लबाडीच ती, दुसरं काय म्हणणार? पण बावीस वर्षं अंधारात उभं राहिलेल्या माणसाला वाटतंच हो, की एकदा तरी आपलं नाव त्या पडद्यावर यावं.

पहिला आला एक कॉलेजचा पोरगा. रामटेकच्या जत्रेत दोन भाऊ हरवतात, एक फौजदार होतो, एक चोर, आणि आई आंधळी.

"आईले आंधळी केल्याबिगर तुले कथा सुचत नाही का गा?" रुपराव म्हणाला. "पब्लिक जत्रेतच उठते. घरी जाय, आईच्या पाया पड."

मग देवाजी कंपाउंडर. त्यांची कथा इतिहासातली, तिच्यात तीन हजार घोडे.

"घोडे कोण आणते? नत्थूजीपाशी लाकडं आहेत. लाकडाचे चालतीन का?"

देवाजी रागारागानं छत्री उचलून निघून गेले. बाकीचे खो खो हसले. रुपरावला मजा यायला लागली होती.

तिसरी उभी राहिली उत्तरा गजभिये. ट्रंक कॉलच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, बोलणं नेमकं. "एक म्हातारी दर रविवारी कलकत्त्याला पोराला कॉल बुक करते. पोरगा तिकडून म्हणतो, मी घरी नाही म्हणून सांगा. ऑपरेटरला ते सांगवत नाही. ती म्हणते, आजी, लाईन खराब आहे. असं वर्षभर चालतं. मग एका रविवारी म्हातारीच म्हणते, 'पोरी, माह्यासाठी खोटं बोलून बोलून थकली असशीन वं. आज लाईन खराब आहे, असं मीच सांगते तुले.'"

कुणी हललं नाही. रुपरावनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर गपगार पडला होता.

"म्हातारी तोंड उघडते तिथं पब्लिक उठते," रुपराव म्हणाला.

"सगळी?" उत्तरानं विचारलं.

"सगळी."

"मले तं बरी वाटली गा," डोळे पुसत नत्थूजी म्हणाले.

"तुमी पब्लिक नाही, नत्थूजी. तुमी शेठ."

उत्तरा जाऊन बसली. आता रुपराव खाकरला. म्हणाला, एक कथा माझीही आहे. आणि सुरू झाला. टॉकीजवर धोंडबा नावाचा गेटकीपर असतो. दारात उभा असतो. कोण कुठं बसतो, कोण कुणासाठी रडतो, त्याला सगळं माहीत. इथपर्यंत लोक कान देऊन ऐकत होते. मग एक दिवस धोंडबा दार सोडून निघतो, थेट चंबळ गाठतो, डाकू होतो, बंदुका, घोडे, बदला…

आणि बोलता बोलताच रुपराव उठला. तरातरा आवाराच्या फाटकाशी गेला, कडी काढली, एक कवाड उघडून धरलं आणि टॉकीजच्या अंधारात रोज म्हणायचा तसं भर उन्हात हळूच म्हणाला, "सावकाश, पायरी आहे."

मग त्याला कळलं आपण काय केलं ते.

बाकी कुणालाच काही कळलं नव्हतं. नत्थूजींना वाटलं, ही अ‍ॅक्टिंगच आहे. "वा रे पठ्ठे! हेच घेऊ! घोडे मी आणतो!"

आता फक्त हो म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण हात अजून कडीवर होता, आणि तो हात बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"पडली," रुपराव म्हणाला. "नत्थूजी, माह्यी पडली. चंबळमध्ये मीच उठलो. अन् या बाईच्या कथेत कोणी उठत नाही. मघाशी मी खोटं बोललो. हिची घ्या."

उत्तरा उठून फाटकापाशी आली. आभारबिभार काही नाही.

"तुमची चंबळमध्ये नाही पडत, भाऊ. त्याच्या आधी पडते. धोंडबा दार काहून सोडते?"

"हिरो आहे. सोडीन नाही तं काय करीन?"

"ते नाही विचारलं. काहून सोडते?"

रुपरावला असा संताप आला! ही कोण कालची पोर आपल्याला विचारणारी? "अवं, बावीस वर्षांत त्याले कोणी नाव नाही इचारलं, म्हणून!" तो ओरडला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थबकला.

"मग हे कथेत काहून नाही?"

"लाज वाटली," रुपराव म्हणाला, आणि तिथंच सागाच्या ओंडक्यावर बसून सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

नत्थूजी गडबडले. "रडू नका गा, चंबळ काढून टाकू, घोडेही काढून टाकू…"

"तुम्ही जरा गप्प बसा, नत्थूजी," उत्तरा म्हणाली, आणि रुपरावशेजारी ओंडक्यावर बसली. "हं, भाऊ. सुरुवातीपासून सांगा."